म्हैस पारखतो, तिकीट पारखत नाही

मी काही लिहिणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली, त्यानंतर चाळीस वर्षे शेत आणि गोठा. पण २०२४ च्या नोव्हेंबरात माझ्यावर एक प्रसंग आला. त्यात आमचे पैसे गेले, ते गेलेच. पण पैशाने परत न मिळणारी एक गोष्टही हातची गेली. ती तुमच्या घरची जाऊ नये, म्हणून हे चार शब्द लिहिते.

तुम्ही म्हणाल, विमानाचे आम्हा शेतकऱ्यांना काय? मीही असेच म्हणत होते. पण जरा आपल्या गावात घरे मोजून पाहा. कोणाचा मुलगा पुण्याहून पुढे परदेशी गेला, कोणाची लेक नवऱ्याबरोबर तिकडे नांदते. आणि लेकीचे पहिले बाळंतपण आले, की बोलावणे आईलाच येते. तिथे बाई सातवी शिकली की अंगठेबहाद्दर आहे, हे कोणी विचारत नाही.

माझी लेक जर्मनीत म्युनिक शहरी असते. डॉक्टरांनी नोव्हेंबरअखेरची तारीख दिली होती. आमच्या पैठण तालुक्यात तेव्हा कापसाची वेचणी चाललेली, मोसंबीला व्यापारी लागलेला, दारात दोन दुभत्या म्हशी. घर कोणीतरी धरायलाच हवे. मालक म्हणाले, "तू जा. मी हिकडं बघतो. बाळंतपणात माझा काय उपयोग?" म्हणजे मी एकटीच निघाले. मुंबईसुद्धा मी त्याआधी एकदाच पाहिली होती, तीही आगगाडीने.

घरात सगळ्यांना भीती होती ती आभाळाची. सासूबाई तर बोलायच्याच बंद झाल्या. आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या मनातून २६ एप्रिल १९९३ हा दिवस गेलेला नाही. त्या दिवशी चिकलठाण्याहून उडालेले विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरून चाललेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागले आणि कोसळले. ५५ माणसे गेली. कापूस आपल्या रानातला, म्हणून ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. सासूबाई जाताना कपाळाला अंगारा लावून एवढेच म्हणाल्या, "वर गेल्यावर खाली बघू नको, माय."

पण मंडळी, आभाळात मला काहीही झाले नाही. माझी सगळी परवड जमिनीवर झाली, आणि तिचे बी घरातच पेरले गेले होते.

झाले असे. लेकीने मुंबई ते म्युनिक तिकीट काढले होते, दुबईला विमान बदलायचे. चिकलठाणा ते मुंबईचे तिकीटही त्यालाच जोडून घेऊ, असे ती म्हणत होती. पण पुतण्याने मोबाइलवर पाहिले आणि म्हणाला, "काकू, हे वेगळं काढलं तर दोन हजार वाचतात. साडेसहाला मुंबईत उतरशील, पुढचं विमान साडेदहाला. चार तास म्हणजे लई झाले."

चार तास. माझ्या मनात आले, गाडीला उशीर झाला तर? पण मी बोलले नाही. वाटले, पोरगा शिकलेला, आपल्याला काय कळते!

आता बघा, हीच मी बाजारात म्हैस घ्यायला गेले तर काय करते? दात पाहते, चारही सड पिळून पाहते, कितवे वेत ते विचारते, मालकाच्या तोंडाकडे पाहते, आणि एवढे करून घरी येऊन रात्रभर विचार करते. आणि हे तिकीट, ज्याची किंमत म्हशीएवढीच, ते एक प्रश्न न विचारता पिशवीत टाकले.

निघायचा दिवस मंगळवार. चिकलठाणा विमानतळ जालना रस्त्याला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दारातच खाकी वर्दीतला जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. तिकीट नसलेल्या माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून मालक दाराबाहेरच राहिले. मी आत गेले आणि काचेतून मागे पाहिले, तर ते रुमालाने चष्मा पुसत होते.

आत सामानाची तपासणी झाली. मोठ्या बॅगेत मी लेकीसाठी खोबऱ्याच्या वाट्या भरल्या होत्या. त्या बाहेर काढाव्या लागल्या. सुक्या खोबऱ्यात तेल फार, ते पेट घेते, म्हणून २०२२ पासून विमानाच्या सामानात ते चालत नाही. हातातल्या पिशवीत माझी चंची होती, तिच्यात अडकित्ता. तोही गेला. सासूबाईंनी दिलेला तीस वर्षांचा अडकित्ता! तूप मी नेलेच नव्हते, कारण बाहेरच्या देशातून दूधदुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, हे लेकीने आधीच बजावले होते. दोन म्हशींच्या मालकिणीला लेकीच्या डिंकाच्या लाडवांसाठी तिकडचे तूप विकत घ्यावे लागणार, याचे वाईट वाटले. डिंक आणि खारीक तेवढी सोबत राहिली.

चिकलठाण्याला इमारत एकच. आत शिरले की चुकायला जागाच नाही. मला वाटले, हे तर सोपे आहे. पण विमान मागूनच उशिरा आले. आधी अर्धा तास म्हणाले, मग एक तास, असे करता करता अडीच तास गेले. मुंबईला उतरले तेव्हा नऊ वाजले होते.

इथून पुढे नीट लक्ष द्या.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात मध्यवर्ती बसस्थानक वेगळे आणि सिडको बसस्थानक वेगळे, हे तुम्ही जाणता. जालन्याच्या गाडीने सिडकोला उतरलात आणि पुढची गाडी मध्यवर्तीहून असली, तर रिक्षा करून जावे लागते. मुंबईच्या विमानतळाचे तसेच आहे. सांताक्रूझकडचे ते टर्मिनल एक आणि सहारचे ते टर्मिनल दोन. परदेशी विमाने सहारहून सुटतात. माझे विमान उतरले सांताक्रूझला. मध्ये चार-पाच किलोमीटरचा रस्ता, आणि तो मुंबईचा रस्ता! हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते.

त्यातून तिकिटे वेगवेगळी, म्हणून बॅगही तिथेच उतरवून घ्यावी लागली. फिरत्या पट्ट्यापाशी मी उभी. लोकांच्या बॅगा येत होत्या, माझी येत नव्हती. ती हाती आली तेव्हा नऊ पंचवीस झाले होते. बाहेर पडून टॅक्सी केली. टॅक्सीवाला साताऱ्याकडचा निघाला. म्हणाला, "मावशी, साडेदहाचं विमान? मग घाई आहे." त्याने गाडी हाणली, पण सिग्नल का त्याच्या बापाचे? सहारच्या इमारतीत प्रवाशांनी आत जायची जागा सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे. २०१४ साली सुरू झालेली ही इमारत. आतले पांढरे खांब वर जाऊन मोराच्या पिसाऱ्यासारखे पसरले आहेत. येतानाच्या दिवशी मी ते डोळे भरून पाहिले, त्या रात्री मात्र नुसती धावत होते.

खिडकीपाशी पोहोचले तेव्हा दहाला दहा कमी होते. विमान उभे होते, पण खिडकी बंद झाली होती. परदेशी विमानाची सामान घ्यायची खिडकी सुटण्याच्या तासभर आधी बंद होते. एस.टी.चा वाहक ओळखीचा असला तर घंटी मारून गाडी थांबवतो. इथे तसे नाही. मी हात जोडले. तिथली मुलगी बोलायला चांगली होती, पण म्हणाली, "आजी, तुमचं पहिलं तिकीट आमच्या तिकिटाला जोडलेलं नाही. एकच तिकीट असतं तर उशिराची जबाबदारी कंपनीवर आली असती, पुढच्या विमानात जागा फुकट मिळाली असती. आता दंड आणि भाड्यातला फरक भरावा लागेल."

वाचवले होते २,००० रुपये. भरले २८,०००. आणि पुढची जागा मिळाली ती थेट गुरुवारी पहाटे साडेचारची.

मी लेकीला फोन लावला. ती "हो आई, असू दे आई" एवढेच म्हणत होती आणि मध्येच गप्प होत होती. जावयांनी फोन घेतला तेव्हा कळले, की दुपारपासून तिला कळा सुरू झाल्या होत्या. तारखेला अजून बारा दिवस होते. मला काळजी नको म्हणून तिने सांगितले नव्हते.

रात्र आणि दुसरा दिवस मी कांदिवलीला गावच्या एका लेकीच्या घरी काढला. बुधवारी रात्री लवकरच सहारला येऊन बसले, या वेळी कितीतरी तास आधी. साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. जर्मनीत तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. नात झाली होती. मोबाइलच्या काचेवर मूठभर तोंड, डोळे मिटलेले. लेक घामाने भिजलेली, हसत होती. म्हणाली, "आई, सगळं नीट झालं. तू घाबरू नको."

मी तिला धीर द्यायला निघाले होते आणि तीच मला धीर देत होती. ठरलेले विमान मिळाले असते, तर बुधवारी दुपारीच मी तिच्या उशाशी असते. माझ्या आईने माझ्या दोन्ही वेळा माझा हात धरला होता. माझ्या लेकीचा हात धरायला मी नव्हते, मी मुंबईत बाकड्यावर बसले होते. शेजारी एक बाई बसली होती. तिची माझी ओळख नाही, भाषा नाही. तिने फोनमध्ये डोकावून पाहिले आणि आपल्या पिशवीतला पेढा काढून माझ्या हातावर ठेवला. तिथे मग मला रडू फुटले.

पुतण्याला मी बोलले नाही. तो बिचारा फोनवर रडत होता. चूक त्याच्या एकट्याची नव्हती. शंका माझ्या मनात आली होती, ती मी गिळली होती.

तिथेच बाकड्यावर मी ठरवले, की आता लाज नाही धरायची. लेकीने एक कागद करून पाठवला होता. त्यावर इंग्रजीत, हिंदीत आणि जर्मन भाषेत लिहिले होते : "मला मराठी आणि थोडे हिंदी येते. मला म्युनिकला जायचे आहे. कृपा करून माझा दरवाजा दाखवा." खाली विमानाचा क्रमांक आणि तिचा फोन. हा कागद मी पहिल्या दिवशी पिशवीच्या तळाशी ठेवला होता. चारचौघांत आपण अडाणी दिसू, असे वाटत होते. आता तो हातात धरला.

विमानतळावर ढकलखुर्ची मिळते, हेही सांगते. वृद्ध, आजारी, अपंग माणसांसाठी ती असते, आणि तिकीट काढतानाच सांगून ठेवावी लागते. ढकलणारा माणूस सगळ्या तपासण्यांतून नेऊन थेट विमानापर्यंत पोहोचवतो. भाषा येत नाही म्हणून धडधाकट बायाही ती मागतात. मी मागितली नाही. कापूस वेचणारे पाय आहेत, चालले. पण तुमचे गुडघे दुखत असतील तर संकोच करू नका. आणि दुखत नसतील तर ज्याचे दुखतात त्याची खुर्ची अडवू नका.

दुबईचे विमानतळ म्हणजे एक गावच. तिथे माझी बॅग मला घ्यायची नव्हती. मुंबईतच तिच्या दांडीला म्युनिकची पट्टी लावली होती, ती परस्पर जाणार होती. पण माझी स्वतःची तपासणी पुन्हा झाली, पाण्याची बाटली टाकून द्यावी लागली. दरवाज्यांना आकड्याआधी अक्षर असते, आणि एका भागातून दुसऱ्या भागात जायला इमारतीतल्या इमारतीत आगगाडी आहे! मी फरशी पुसणाऱ्या एका बाईला कागद दाखवला. तिला हिंदी येत होते. ती म्हणाली, "अम्मा, आओ," आणि हातातले काम टाकून मला गाडीपर्यंत सोडून आली.

म्युनिकच्या दरवाज्यापाशी पोहोचले, मनगटावरचे मालकांचे जुने घड्याळ पाहिले आणि पोटात गोळाच आला. आठ पन्नास झाले होते. तिकिटावर विमान सुटायची वेळ आठ पन्नासच! दारात कोणी नाही, दार बंद. मनात म्हटले, झाले, पुन्हा गेले. पाय गळून मी खालीच बसले. एक तरुण मुलगा धावत आला. त्याला कागद दाखवला, घड्याळ दाखवले. तो हसला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केले. तिथे सात वीस झाले होते. दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. माझे घड्याळ अजून पैठणचीच वेळ दाखवत होते. तिकिटावर मात्र ज्या गावाहून विमान सुटते, त्या गावची वेळ छापलेली असते. दार उघडायलाच अजून अवकाश होता.

बघा, मुंबईत मी चार तास पुष्कळ समजले आणि विमान गमावले. दुबईत दीड तास हातात असून गमावले म्हणून रडले. दोन्ही वेळा एकच गोष्ट कमी पडली, वेळेवर विचारणे.

गुरुवारी दुपारी म्युनिकला उतरले. जावई न्यायला आले होते. थेट दवाखान्यात गेलो. नातीला मांडीवर घेतले, ती माझ्या बोटाला धरून झोपली. लेकीला मी म्हटले, "मला उशीर झाला गं." ती म्हणाली, "आलीस ना." पुढे त्या विषयावर आम्ही कधी बोललो नाही. नव्वद दिवसांचा परवाना होता, तेवढे दिवस राहिले, मालिश केली, डिंकाचे लाडू केले, आणि परत आले.

परत येताना मात्र तिकीट एकच होते, थेट चिकलठाण्यापर्यंत. तरी मुंबईत बॅग उतरवून घ्यावी लागली. परदेशातून येताना सहसा देशातल्या पहिल्या विमानतळावर सामान घेऊन जकात खात्यापुढून जावे लागते, मग ते पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचे. या वेळी मी आधीच विचारून ठेवले होते, म्हणून छातीत धडधड झाली नाही.

आता आमच्या वस्तीवर कोणाचे विमानाचे तिकीट आले, की ते माझ्याकडे आणतात. मला इंग्रजी येत नाही, पण विचारायचे काय ते कळते. पहिले, दोन्ही विमानांचे तिकीट एकच आहे की वेगवेगळे? वेगवेगळे असेल, तर आदल्या दिवशीच देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबई गाठा, आणि मुक्काम करून निघा. दुसरे, उतरायचे कुठे आणि चढायचे कुठे? आता तर ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचेही उद्घाटन झाले आहे. म्हणजे मुंबईच्या नावाने विमानतळच दोन झाले, आणि एकाहून दुसऱ्याला जायचे तर सगळे शहर ओलांडावे लागते. तिसरे, सामान परस्पर जाणार की मध्ये आपण घ्यायचे? बॅगेच्या पट्टीवर शेवटच्या गावाची अक्षरे आहेत का, हे खिडकीवरच्या माणसाकडून तिथेच वदवून घ्या. चौथे, तिकिटावरची वेळ कुठली? उतरल्या उतरल्या भिंतीवरचे घड्याळ पाहून आपले घड्याळ लावा. आणि बसल्या जागेवर अर्ध्या-अर्ध्या तासाने फळ्यावर दरवाज्याचा आकडा पाहत राहा, तो बदलतो. वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला पाहायला सांगा.

तो तीन भाषांतला कागद मी फाडला नाही. देव्हाऱ्याखालच्या फळीवर पासपोर्टाबरोबर ठेवला आहे. मागच्या महिन्यात शेजारची बाई मुलाकडे निघाली, तेव्हा माझ्या नातीच्या बापाने तसाच कागद तिच्यासाठी करून पाठवला, नावगाव बदलून. ती तो पदरात लपवत होती. मी तिला म्हटले, "बाई, पदरात नको, हातात धर."